लाउंड्स काउंटी, अलाबामा: राहायला कशी आहे? कोणी प्रत्यक्ष पाहिली आहे का?

नवखा_दक्षिणेत

नमस्कार मंडळी. सध्या आम्ही न्यू जर्सीत आहोत. बायकोला बर्कव्हिलच्या प्लास्टिक कारखान्यात प्रोसेस इंजिनिअरची ऑफर आली आहे. मी घरूनच काम करतो, त्यामुळे माझी अडचण नाही. मुलगी तिसरीत आहे. आई आमच्याबरोबर असते, तिला मधुमेह आहे आणि गुडघ्यांची तक्रार आहे.

बर्कव्हिल लाउंड्स काउंटीत येतं. माँटगोमेरी आणि सेल्मा यांच्या मधला हा भाग. घरं शोधायला बसलो तर तीन एकर जागा आणि वर डबल-वाइड ट्रेलर (दोन भाग जोडून केलेलं तयार घर), अशी एक जाहिरात दिसली. किंमत वाचून वाटलं, टाइप करताना एक शून्य राहून गेलं. मग काउंटीबद्दल वाचायला लागलो आणि डोकं चक्रावलं. एकीकडे लिहिलंय माँटगोमेरी महानगर क्षेत्राचा भाग, दुसरीकडे उघड्यावर मैला, हुकवर्म (आतड्यातला जंत), संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ पाहणीला आले वगैरे.

खरं काय आहे? लोक कसे आहेत? आमच्यासारख्या घराला तिथे राहणं जमेल का? वर्तमानपत्री उत्तर नको, ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगा.

पीचट्री_पाटील

मी अटलांटात राहतो, त्या रस्त्याने एकदाच गेलोय, तरी सांगतो: नका जाऊ. दर चार माणसांत साधारण एक दारिद्र्यरेषेखाली. काउंटीत हॉस्पिटल नाही. लोकसंख्या दहा हजार आणि २००० पासून घसरते आहे. लोक पळून जातायत तिथे तुम्ही कशाला जाताय? माँटगोमेरीत घर घ्या आणि विषय संपवा.

चाकांवरची_फिजिओ

पाटीलसाहेब, आकडे बरोबर आहेत. पण महामार्गावरून गाडीच्या काचेतून ही काउंटी दिसत नाही. दिसतात ती गायरानं, पाइनची झाडं आणि लाकडाचे ट्रक.

मी माँटगोमेरीत राहते, होम हेल्थमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे पेशंट माझ्याकडे येत नाही, मी त्याच्या घरी जाते. गुडघा बदललेले, पक्षाघात झालेले, मधुमेहात पाय गमावलेले. माझे निम्मे पेशंट लाउंड्समधले. हेनव्हिल, मोझेस, व्हाइट हॉल, फोर्ट डिपॉझिट आणि मधले कच्चे रस्ते. त्यामुळे ही काउंटी मला दिवाणखान्यातून, आणि त्याहून जास्त बाथरूममधून माहीत आहे. हसू नका, फिजिओला घरात शिरल्यावर आधी बाथरूमच बघावी लागते: कमोडची उंची, दाराची रुंदी, टबाचा काठ.

आधी माणसांचं सांगते. १९०० च्या जनगणनेत इथे ३५,६५१ माणसं होती. १९६० मध्ये १५,४१७ उरली. २००० मध्ये १३,४७३ आणि २०२० मध्ये १०,३११. म्हणजे शेवटच्या वीस वर्षांतच जवळजवळ पाव काउंटी रिकामी झाली. पण "पळून गेले" म्हणताना कोण, कधी आणि कशामुळे हे विचारायला हवं. कापसावर बोंडकिडा आला, नंतर यंत्रं आली, आणि वाट्याने शेती करणाऱ्यांची गरज संपली. लोक शिकागो, डेट्रॉइटला गेले. १९६५ च्या सुरुवातीला काउंटीत पाचातले चार कृष्णवर्णीय होते आणि मतदार यादीत त्यांच्यातला एकही नव्हता. त्या वर्षी नावं नोंदवायला लागल्यावर मळेवाल्यांनी कुळांना घराबाहेर काढलं. ती कुटुंबं हायवे ८० च्या कडेला तंबूत राहिली, हिवाळ्यासकट. त्या जागेवर आज नॅशनल पार्क सर्व्हिसचं केंद्र आहे. बर्कव्हिलहून जवळ आहे, जरूर जा. काळ्या चित्त्याचं चिन्ह घेऊन १९६६ ची निवडणूक लढवणारा पक्ष इथलाच, कॅलिफोर्नियात ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने ते चिन्ह नंतर उचललं. आणि १९७० मध्ये जॉन ह्युलेट हा कृष्णवर्णीय माणूस शेरीफ, म्हणजे काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख झाला. पाच वर्षांपूर्वी जिथे मत देता येत नव्हतं, तिथे!

(विषयांतर: अलाबामात बायकांना ज्युरीत बसायला कायद्यानेच बंदी होती. १९६६ मध्ये फेडरल कोर्टाने ती रद्द केली, तीही याच काउंटीतल्या दाव्यात. माझ्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला हे सांगितलं तर तिला वाटलं मी थापा मारतेय.)

आज दहातले सात जण कृष्णवर्णीय, बाकी बहुतेक गोरे. आशियाई बोटांवर मोजण्याइतके. घरोघरी चित्र साधारण एकच असतं: म्हातारी माणसं, नातवंडं, आणि मधली पिढी माँटगोमेरीच्या दिशेने कामाला गेलेली. माझे काही पेशंट असे की चाळीस वर्षं डेट्रॉइटच्या कारखान्यात घालवून निवृत्तीनंतर आईच्या जागेवर परत आलेत. "महानगर क्षेत्र" या शिक्क्याचं कोडंही इथेच सुटतं. कामासाठी पुष्कळ लोक रोज माँटगोमेरीला जातात, म्हणून सरकारी हिशोबात काउंटी महानगरात बसते. जमिनीवर मात्र जवळपास अठराशे चौरस किलोमीटरमध्ये दहा हजार माणसं. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जायला मला कधीकधी पाऊण तास लागतो. मोबाइलला रेंज नसते, म्हणून पत्ते सकाळीच डाउनलोड करून निघते.

आता मुख्य गोष्ट. इथे राहणं ठीक की नाही हे ठरवते माती. मी विदर्भातली, म्हणून पहिल्यांदा ही माती पाहिली तेव्हा ओळखीची वाटली: आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीसारखीच, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून चिकट होते. खाली चुनखडीसारखा खडू आहे. कापसाला उत्तम. सांडपाण्याला सर्वनाश.

साधा सेप्टिक टँक चालतो कसा? टाकीत घन मैला बसतो आणि वरचं पाणी सच्छिद्र पाइपांतून जमिनीत मुरतं. इथे पाणी मुरतच नाही. टाकी बसवली तरी काही वर्षांत पाणी वर येतं, नाहीतर उलटं घरात शिरतं. या मातीत चालणारी यंत्रणा म्हणजे जमिनीवर बाहेरून आणलेल्या वाळूचा उंचवटा करायचा आणि पंपाने पाणी त्यात चढवायचं. तिचा खर्च पंधरा ते तीस हजार डॉलर, कधी त्याहून जास्त. ज्या ट्रेलरमध्ये माणूस राहतो तो तेवढ्याचा नसतो. मग लोक काय करतात? घरामागून एक पांढरा पाइप काढतात आणि झाडीत किंवा चरात सोडून देतात.

माझ्या एका पेशंट आजींच्या घरी पाऊस असला की मी निघण्याआधी फोन करते आणि "टब वर आलाय का?" एवढंच विचारते. त्या "आज नाही" म्हणाल्या तर आंघोळीच्या टबात पाय टाकून आत-बाहेर येण्याचा सराव घेते. "आलाय" म्हणाल्या तर खुर्चीवरचे व्यायाम. पावसात कपडे धुवायचे नाहीत, हा त्या घराचा नियम आहे. चालण्याचा सरावही नेहमी पुढच्या अंगणात. मागचं अंगण जास्त सपाट आहे, पण तिथलं गवत भर ऑगस्टातही हिरवंगार असतं आणि ते का, हे आम्हा दोघींना माहीत आहे. आजींचं घर आतून लख्ख. येशूच्या तसबिरीवर धुळीचा कण नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण बाहेरचे लोक पहिल्यांदा "या लोकांना स्वच्छतेची सवय नाही" असंच बोलतात आणि माझं डोकं फिरतं.

या पाइपांपायी गरिबांना गुन्हेगार ठरवण्याची पद्धत इथे अनेक वर्षं होती: दंड, खटले, अटकेच्या धमक्या, कधी खरोखर अटकही. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स या इथल्याच बाईंनी ते देशापुढे मांडलं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे फिलिप ऑल्स्टन येऊन पाहून गेले. २०२१ मध्ये फेडरल न्याय खात्याने चौकशी सुरू केली, २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार झाला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये नव्या फेडरल सरकारने तो रद्दही केला. काही घरांना नव्या टाक्या मिळाल्या, बरीच अजून वाट बघताहेत.

हुकवर्मचं म्हणाल तर २०१७ च्या अभ्यासात ५५ नमुन्यांपैकी १९ मध्ये तो सापडला आणि जगभर बातमी झाली. नंतर अलाबामाच्या ग्रामीण काउंट्यांतल्या सातशेवर मुलांची तपासणी झाली, त्यात एकाही मुलात असा जंत सापडला नाही. या दुसऱ्या अभ्यासाची बातमी कोणी वाचली नाही. तुमच्या मुलीला हुकवर्म होईल या भीतीने नोकरी सोडू नका.

दवाखान्याचं थोडक्यात: हेनव्हिलला साध्या तपासणीची सोय आहे. बाकी सगळं, बाळंतपणापासून हृदयविकारापर्यंत, माँटगोमेरी नाहीतर सेल्मा. रुग्णवाहिकेला वेळ लागतो. तुमच्याकडे कारखान्याचा विमा असेल. माझ्या पेशंटांच्या मुलांकडे तोही नसतो, कारण अलाबामाने मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) वाढवलं नाही. मूलबाळ नसलेल्या धडधाकट गरीब माणसाला ते मिळतच नाही, आणि आईबापांना मिळायचं तर उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १८ टक्क्यांच्या आत हवं. १८! म्हणून पन्नाशीचा माणूस रक्तदाब न तपासता फिरतो, पक्षाघात होतो, आणि मग मी त्याच्या घरी पोचते.

शाळा: सरकारी शाळांत जवळपास सगळी मुलं कृष्णवर्णीय. गोऱ्यांची मुलं खाजगी शाळांत जातात. शाळांतला कायदेशीर वर्णभेद संपल्यावर दक्षिणेत अशा शाळा जागोजागी निघाल्या, इथेही. शिक्षक जीव तोडून शिकवतात, पण पैसा कुठून येणार? अलाबामातला घरफाळा देशातल्या सर्वांत कमी फाळ्यांपैकी आहे. जमीन मोठी, ती थोड्या हातांत, आणि तिच्यावर कर नाममात्र. वाणसामानावर मात्र विक्रीकर आहे. राज्याने तो आता २ टक्क्यांवर आणलाय, पण स्थानिक कर वेगळाच.

लोक कसे? माझी गाडी चिखलात रुतली की फोन करावा लागत नाही, कोणीतरी ट्रॅक्टर घेऊन येतंच. पेशंटच्या दारात व्हीलचेअरसाठी उतार (रॅम्प) लागला की चर्चमधले चारजण शनिवारी लाकूड घेऊन येतात आणि संध्याकाळपर्यंत बांधून मोकळे होतात. विम्याच्या कागदांतून तोच उतार मंजूर करून घ्यायला मला महिने लागतात. गोरे शेजारीही वाईट वागलेले नाहीत. पण रविवारी चर्च वेगळी, मुलांच्या शाळा वेगळ्या, दफनभूमीही वेगळ्या. तुम्ही कोणाचे, हे कोणाला चटकन ठरवता येणार नाही, त्यामुळे दोघेही तुम्हाला जेवायला बोलावतील. मला तरी तसाच अनुभव आहे.

हायवे_ऐंशी

माझा नवरा बर्कव्हिलच्याच कारखान्यात आहे. जनरल इलेक्ट्रिकने उभारला होता, २००७ मध्ये सौदी अरेबियाच्या साबिककडे गेला. इथे चांगला पगार देणाऱ्या थोड्या जागांपैकी एक. ह्युंदाई माँटगोमेरीत आल्यापासून तिला सुटे भाग पुरवणाऱ्यांकडेही काउंटीतले पुष्कळ जण जातात, पण ते काम जास्त करून तासाच्या पगाराचं. नवऱ्याच्या ओळखीचे इंजिनिअर प्रॅटव्हिलला किंवा माँटगोमेरीत राहतात, आम्हीही प्रॅटव्हिलला. काहीजण शाळेसाठी पाइक रोड नावाच्या गावी जातात, पण ते शहराच्या पलीकडच्या टोकाला पडतं. सकाळी उलट्या दिशेने जायचं असल्याने रहदारी नाही. संध्याकाळी हरणांपासून जपा, ती खरोखर गाडीसमोर उडी मारतात.

नवखा_दक्षिणेत

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. खरं सांगायचं तर ती तीन एकर डोक्यातून जात नाहीये. आईला बागकाम आवडतं. जाहिरातीत "सेप्टिक आहे" असं लिहिलंय. एजंटला विचारलं तर म्हणाला जागा वारसांची आहे, कुटुंब क्विट क्लेम डीड करून देईल, वकिलाची गरज नाही, म्हणून स्वस्त. यात काही गोम आहे का?

चाकांवरची_फिजिओ

गोम? अहो, सगळी गोमच आहे.

मी वकील नाही. पण माझ्या पेशंटांची अर्धी दुखणी जमिनीच्या कागदांतूनच येतात, म्हणून सांगते. आजोबांनी १९२० च्या सुमाराला जमीन घेतली, मृत्युपत्र केलं नाही. गोऱ्या वकिलाकडे किंवा कोर्टात जायची सोय नव्हती आणि विश्वासही नव्हता. मग जमीन सगळ्या वारसांची, सामाईक, न वाटलेली. आज त्यात वीस-तीस हिस्सेदार असू शकतात, अर्धे शिकागोत, काहींना आपला हिस्सा आहे हेही ठाऊक नाही. याला इथे हेअर्स प्रॉपर्टी म्हणतात. क्विट क्लेम डीडचा अर्थ एवढाच की सही करणारा म्हणतो, "माझं यात जे काही असेल ते तुला दिलं." काय आहे, किती आहे, याची हमी तो देत नाही. तीन चुलत भावांनी सही केली तर तुम्ही त्या तिघांच्या हिश्श्याचे मालक, आणि उरलेल्या सत्तावीस जणांचे भागीदार.

बाहेरच्या लोकांनी असा एखादा हिस्सा विकत घ्यायचा आणि कोर्टात जाऊन सगळी जमीन लिलावात काढायची, या मार्गाने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जमिनी गेल्या आहेत. अलाबामाने २०१४ मध्ये कायदा करून थोडा आळा घातला: आता आधी किंमत ठरते आणि बाकीच्या वारसांना तो हिस्सा घ्यायची पहिली संधी मिळते. तुमच्या मनात तसलं काही नसणार, पण तिथल्या माणसांना ते कसं कळणार? एखाद्या म्हाताऱ्या आत्याला वाटेल की आणखी एक आला.

याच कागदांपायी सेप्टिकची मदतही अडते. मालकी एकाच्या नावावर नसली की अनुदान नाही, कर्ज नाही, वादळानंतरची भरपाईही मिळता मिळत नाही. माझ्या पेशंटांपैकी काहींनी ट्रेलर घेतलेत तेही याचमुळे. जमिनीवर गृहकर्ज मिळत नाही, म्हणून मोटारीसारखं कर्ज काढून ट्रेलर आणायचा. व्याज चढं, आणि ट्रेलरची किंमत दरवर्षी उतरतेच. दहा वर्षांनी हातात काय? गळकं छप्पर आणि उन्हाळ्यात पोटात गोळा आणणारं विजेचं बिल.

आणि "सेप्टिक आहे" याला काही अर्थ नाही. टाकी पुरलेली असणं वेगळं आणि चालणारी असणं वेगळं. काउंटीच्या आरोग्य कार्यालयात त्या पत्त्याचा परवाना आहे का विचारा. कोणत्या प्रकारची यंत्रणा आणि कधी बसवली, हे त्यात असतं. परवानाच नसला तर मातीची तपासणी करून नवी यंत्रणा बसवायचा खर्च किमतीत धरा. मग ते हरवलेलं शून्य कुठे गेलं ते कळेल.

पीचट्री_पाटील

म्हणजे मी पहिल्यांदा म्हणालो तेच ना? माँटगोमेरी.

चाकांवरची_फिजिओ

उत्तर एकच आलं म्हणून कारण एक होत नाही, पाटीलसाहेब. तुम्ही म्हणालात लोक वाईट अवस्थेत आहेत म्हणून जाऊ नका. मी म्हणतेय कागद आणि माती तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. कागद स्वच्छ असतील आणि यंत्रणा नवी असेल तर लाउंड्सबरोमध्ये किंवा फोर्ट डिपॉझिटच्या बाजूला मी स्वतः राहीन. फोर्ट डिपॉझिटहून तर हायवे ६५ जवळच आहे. गावात गटारं आहेत, पण तिथेही शेजाऱ्यांना विचारा. हेनव्हिलला काही घरांत जोराच्या पावसात गटारही उलटं येतं.

नवखा_दक्षिणेत

पटलं. आम्ही पहिलं वर्ष प्रॅटव्हिलला भाड्याने राहायचं ठरवतोय. आईसाठी विचारतो: ट्रेलर घेतलाच तर व्हीलचेअर किंवा वॉकर फिरेल का?

चाकांवरची_फिजिओ

जुन्या सिंगल-वाइडमध्ये कठीण. बोळ अरुंद, बाथरूमचं दार त्याहून अरुंद, वॉकर आडवा धरून जावं लागतं. डबल-वाइड बरा, पण टेप घेऊन जा आणि दार उघडल्यावर मोकळी राहणारी जागा मोजा, चौकट नाही. जमिनीवर पाय दाबून बघा, बाथरूमपाशी फळी मऊ लागली तर खाली पाणी मुरलेलं आहे. पायऱ्यांची उंचीही मोजा: दर एक इंच चढाला एक फूट उतार लागतो, म्हणजे अडीच फुटांचा जिना असेल तर तीस फुटांचा रॅम्प.

आणि घर बघायला फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, दोन दिवस चांगला पाऊस लागून गेल्यावर. एजंट म्हणेल, जरा सुकू द्या. सुकू देऊ नका. मागच्या बाजूने चालत फिरा, गमबूट घालून.